दोन सूत सोड

रविवारी सकाळी सातिवलीच्या गाळ्यातून टेम्पो निघाला तेव्हा मागे दोन दारांचं एक लोखंडी गेट होतं, वेल्डिंगचं मशीन होतं, झेंडूचा हार होता आणि गेटाच्या दोन टोकांना दोन भाऊ बसले होते. थोरले दिनानाथ घरत डावीकडची झाडं मोजत होते, धाकटे श्रीपत घरत उजवीकडची. पुढे स्टिअरिंगवर श्रीपतचा सुमेध आणि शेजारी दिनानाथांची ज्ञानदा. तिने मागच्या काचेतून दोनदा वळून पाहिलं. चुलत भावाने विचारलं, काय बघतेस, गेट पडलं का? ती म्हणाली, गेट नाही पडणार, माणसांचं बघतेय.

गेट गिरिजला चाललं होतं, आलोशियसच्या घरी. तीस वर्षं घरत बंधूंच्या गाळ्यात राबून आलोशियस काल संध्याकाळी निवृत्त झाला होता. शाल झाली, नारळ झाला, हार झाला. आज त्याच्या नव्या कंपाउंडला हे गेट लावायचं आणि त्याच्या बायकोच्या, मेरीच्या हातचं जेवून परत यायचं, एवढाच बेत. पण ज्ञानदाला त्या जेवणाची ओढ नव्हती. कारण उद्या सोमवार होता आणि सोमवारी परेश गवंडी येणार होता. गाळ्याच्या बरोब्बर मधून भिंत घालायची, दोन शटरं, विजेचे दोन मीटर. 'घरत बंधू' ही पाटी छत्तीस वर्षं दारावर होती, तिचं काय करायचं हे कुणी बोललंच नव्हतं. अर्धी अर्धी करतील, एकाला घरत, दुसऱ्याला बंधू, असं सुमेध म्हणाला होता. एरवी ज्ञानदा यावर खो खो हसली असती.

हसू येणार कसं? ती भिंत तिनेच आणली होती. स्वतःच्या तोंडाने, दहा पावलं चालून.

आता ही दहा पावलांची गोष्ट आधी सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी एका बिल्डरचा इंजिनिअर माल बघायला गाळ्यात आला होता. त्याच्यासमोर, चार कामगारांसमोर, दिनानाथांनी श्रीपतचा एक सांधा उचलून दाखवला आणि विचारलं, ही वेल्डिंग आहे का गोवऱ्या थापल्यास? माणूस रागीट नाही, पण जीभ म्हणजे उघडी नळी. श्रीपतने हातमोजे काढून खिळ्याला लावले आणि म्हणाला, आजपासून तू माझ्याशी बोलायचं नाय, मी तुझ्याशी नाय. दुसऱ्या दिवशी बरोबर आठला कामावर हजर. काम सोडायचं नाही, शब्दही सोडायचा नाही, दोन्हीत घरतांचं रक्त पक्कं.

दिनानाथांच्या टेबलापासून श्रीपतच्या वेल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत दहा पावलं. त्या दहा पावलांवर अकरा वर्षं आलोशियस ये-जा करत होता. दिनानाथ म्हणायचे, त्या बैलाला विचार, कटिंग झालं का मुहूर्त काढतोय. आलोशियस निवांत चालत जायचा आणि सांगायचा, दादा इचारतो कटिंग कुठवर आलं, घाई नाय. श्रीपत म्हणायचा, त्याला सांग, बाप दोघांचा एकच होता, मग ऐट एकट्यालाच कशी दिली. आलोशियस परत यायचा आणि सांगायचा, अर्ध्या तासात देतो म्हणतो. त्या दहा पावलांत निरोप न्हाऊन, भांग पाडून पोचायचा. गाळा असा चालला आणि झकास चालला.

बरं, घरी जावा-जावांचं सूत असं जुळलेलं की दिनानाथांची विनया आणि श्रीपतची हंसा या दोघींत एक मिक्सर होता, तो अंगणातून फिरत राहायचा. म्हणजे भांडण होतं ते फक्त लोखंडापाशी.

चार महिन्यांपूर्वी ज्ञानदा अंधेरीची नोकरी सोडून गाळ्यात आली. तिथे तिचं कामच मुळी टीमा-टीमांमधला संवाद सांभाळण्याचं, त्यामुळे तिने आल्या आल्या पांढरा बोर्ड टांगला आणि 'घरत बंधू कामाचं' असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ग्रुपवर दोघे भाऊ आवाजी निरोप टाकायचे आणि प्रत्येक निरोप सुरू व्हायचा तो 'आलोस, त्याला सांग' असा. आलोशियसचा फोन बटणांचा, तो ग्रुपवर नव्हताच. तरी ज्ञानदाने धीर सोडला नाही. गेल्या पंधरवड्यात आलोशियस गुडघ्यासाठी तीन दिवस सुट्टीवर गेला तेव्हा तिने त्याची जागा घेतली आणि स्वतःशी नियम केला: निरोप जसाच्या तसा न्यायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ऑफिसात हेच शिकवलं होतं तिला.

पहिल्या दिवशी तिने 'बैल' जसाच्या तसा नेला. कटिंग मशीन दुपारपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी 'ऐट' जशीच्या तशी आणली, तर दिनानाथ जेवलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी श्रीपत म्हणाला, असं असंल तर मधे भिंत घाल म्हनावं. ती दहा पावलं चालली आणि म्हणाली, भिंत घाल म्हणतात. दिनानाथ म्हणाले, घाल म्हनावं, उद्याच घाल. ती परत दहा पावलं चालली. झालं. अकरा वर्षांत दोघा भावांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

आलोशियस सुट्टीवरून आला, त्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय," तो ज्ञानदाला म्हणाला, "ती दोघां मला बोलायची ना, ती मी गाळून नेनार या भरवशावर बोलायची. तू गाळनीच काढून टाकलीस." ज्ञानदा त्या रात्री रडली होती. पण तोंडातून गेलेली भिंत आता मागे कशी घ्यायची? आधी कोण म्हणणार की नको? ज्याने म्हणावं तो हरला. आणि गाळणी तर महिनाअखेर निवृत्त होणार होती.

गिरिजला टेम्पो पोचला तेव्हा चर्चमधला रविवारचा मिस्सा नुकताच सुटला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गल्लीतून घरी परतत होती आणि गेट दिसल्यावर थांबत होती. आलोशियस गुडघ्याला पट्टा बांधून ओटीवर खुर्ची टाकून बसलेला. गेटाचं त्याला कळू दिलं नव्हतं, त्यामुळे तो आधी गेटाकडे, मग दोघा भावांकडे बघत राहिला आणि चष्मा पुसायला लागला. विनया आणि हंसा रिक्षाने आधीच येऊन मेरीच्या स्वयंपाकघरात घुसल्या होत्या. आतून फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे, तळल्याचा वास येत होता.

गेट देखणं होतं, यात वाद नाही. वर द्राक्षाच्या वेलीची नक्षी, ती श्रीपतने आठवडाभर जागून वाकवलेली. मापं दिनानाथांची, वेल्डिंग श्रीपतची, घासणं आणि रंग पुन्हा दिनानाथांचा. सुमेधने डावं दार पिलरच्या पट्टीला लावून बिजागरीचे कब्जे टेकले, वेल्डिंगचे दोन टाके मारले. मग उजवं. उजवं दार पिलरला लागलं आणि मधे येऊन डाव्या दारावर चढलं. सुमेधने दाबलं. गेट म्हणालं, नाही. त्याने खांदा लावला. तरी नाही. पाऊण इंच, म्हणजे सहा सूत जास्त होतं.

गल्लीतली माणसं आता बसण्याच्या बेतात आली. दिनानाथांनी खिशातून टेप काढला, मापलं, परत मापलं आणि मान न वळवता म्हणाले, आलोस, त्याला विचार, दोन सूत सोड म्हणून सांगितलं होतं, त्याचं काय झालं.

श्रीपत पिलरकडे बघत म्हणाला, आलोस, त्याला सांग, त्याने सोड म्हटलं, मी सोडलं.

दिनानाथ म्हणाले, आलोस, कुठे सोडलं? दोन्ही बाजूला घासतंय, मधे चढतंय, आंधळ्यालाही दिसेल.

सगळ्यांच्या माना ओटीकडे वळल्या. आलोशियसने बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली, दोघांकडे शांतपणे पाहिलं.

"माजी ड्युटी काल संपली," तो म्हणाला. "शाल तुमीच घातली."

आणि बसून राहिला. ज्ञानदाला आधी त्याचा राग आला, मग कळलं की हा माणूस अकरा वर्षांत पहिल्यांदाच काही गाळत नाहीये. दिनानाथांच्या मानेवरची शीर फुगली होती. आता जे बाहेर पडेल ते गोवऱ्यांच्याही वरचं असेल, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तसं झालं तर उद्याची भिंत सिमेंटची नाही, कायमची. ज्ञानदा गेटासमोर जाऊन उभी राहिली.

तिने सांगितलं की निरोप तिनेच नेला होता. गुरुवारी. आलोसकाकांना कळू द्यायचं नव्हतं म्हणून. बाबा म्हणाले, श्रीपतला सांग, दोन सूत सोड म्हनावं. ती गेली आणि म्हणाली, काका, बाबा म्हणतात दोन सूत सोड. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. आणि सोड म्हणजे काय, हे ना बाबांना विचारलं, ना काकांनी काय ऐकलं ते विचारलं.

दिनानाथ चिडून म्हणाले, यात विचारायचं काय? दर वेळी फट वजा करून मी माप देतो. या वेळी घाईत पिलरमधलं उघडं माप दिलं, म्हणून सांगितलं, कडेला, मधे, दोन दोन सूत जागा सोडून काप. वेल्डिंगच्या धंद्यात लहान पोरालाही कळतं.

"काका, तुम्हाला काय वाटलं?" ज्ञानदाने विचारलं.

श्रीपतने पिलरच्या ओल्या प्लास्टरवर बोट फिरवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा उभा.

"त्यांना काय वाटलं ते मी सांगते," हंसा दारातून म्हणाली. हाताला पीठ, पदर खोचलेला. "बुधवारी ती गोखिवऱ्याची जाळी दोन सूत कमी पडली ना भावजी, तुमी दिवसभर त्यावरून बोललात. सकाळपासून सांजपर्यंत, दोन सूत, दोन सूत. गुरुवारी निरोप आला, दोन सूत सोड. यांना वाटलं, दादानं सोडलं. कालचं सोड, झालं गेलं सोड, असं दादा म्हनतो. घरी आले ते मटण घेऊन आले. अकरा वर्षांत पयल्यांदा शिट्टी वाजवत न्हाले."

आत मेरीच्या हातातला झारा तेल गाळत राहिला. श्रीपत खाली बघून म्हणाला, हंसा, पुरे. पण पुरे कसलं, बाहेर पडायचं ते पडलं होतं. ज्ञानदाने बापाकडे पाहिलं. दिनानाथांच्या हातातला टेप उघडाच होता, तो त्यांनी हळूहळू आत घेतला. त्यांना बोलायचं होतं, हे तिला दिसत होतं. पण अकरा वर्षं 'आलोस' या शब्दाशिवाय त्यांचं वाक्यच सुरू झालं नव्हतं.

शेवटी ते गेटाशी बोलले. "सहा सूत काढायला लागतील," ते गेटाला म्हणाले.

श्रीपत पिलरला म्हणाला, "मधली उभी पट्टी काढतो. आडव्या कमी करून परत लावतो."

दिनानाथांनी गेटाला सुचवलं की त्यापेक्षा पिलरला छिन्नी मारली तर नक्षी वाचेल. हे ऐकल्यावर मेरी झारा घेऊनच बाहेर आली आणि तिने सगळ्यांना मिळून सांगितलं, पिलरला हात लावाल तर जेवण नाही. पिलर वाचला. गल्ली हसली, आलोशियसही हसला, आणि हवा जरा सैल झाली.

मग काम सुरू झालं आणि ते बघण्यासारखं होतं. काम असं की त्यात बोलल्याशिवाय गत नाही, आणि बोलायचं तर माणसाशी नाही. दिनानाथ खडूने खूण करत जमिनीला म्हणायचे, इथून काप. श्रीपत आकाशाला विचारायचा, खुणेच्या आत का बाहेर? दिनानाथ जमिनीला उत्तर द्यायचे, आत. ज्ञानदाने मनात नोंद केली की तिच्या चार महिन्यांच्या बोर्डाने जे केलं नाही ते एका 'आत का बाहेर' या प्रश्नाने केलं. इतके दिवस दोघांपैकी कुणी कुणाला उलट विचारलंच नव्हतं. विचारायला आलोशियस होता.

सुमेधने दार आडवं धरलं. दिनानाथांनी दुसरी बाजू धरली, म्हणजे धरली गेली त्यांच्याकडून, सवयीने. श्रीपतने काच तोंडावर ओढली. ठिणग्या उडाल्या, पोरं मागे सरली. पाच सांधे होते. श्रीपत वेल्डिंग करताना श्वास रोखतो, हे ज्ञानदाला लहानपणापासून माहीत होतं. आज तिला वाटलं, गल्लीनेच श्वास रोखलाय.

काच वर झाली. श्रीपतने हातोडीने वरची खपली उडवली आणि बाजूला झाला. आता पाळी दिनानाथांची. श्रीपतने जोडायचं आणि दिनानाथांनी घासायचं, हे अकरा वर्षं अखंड. श्रीपतचा कितीही बरा सांधा असला तरी दिनानाथ त्यावर ग्राइंडर फिरवायचेच. पहिल्या दिवसापासून श्रीपतला तो ग्राइंडरचा आवाज पुन्हा पुन्हा तेच म्हणताना ऐकू यायचा, गोवऱ्या, गोवऱ्या. हे तो कुणाला बोलला नव्हता, फक्त हंसाला, आणि हंसाला म्हणजे विनयाला, आणि विनयाला म्हणजे ज्ञानदाला.

दिनानाथांनी ग्राइंडर उचलला. पहिल्या सांध्यापाशी वाकले. चष्मा कपाळावर चढवून अंगठा फिरवला. दुसऱ्या सांध्यावर फिरवला. पाचही सांधे बघितले, मागून बघितले, खालून बघितले. मग ग्राइंडर जमिनीवर ठेवला आणि वायर गुंडाळायला लागले.

"आलोस," ते म्हणाले, आणि थांबले. आलोशियसने मुद्दाम चर्चच्या दिशेला तोंड फिरवलं.

दिनानाथ सरळ उभे राहिले. मिस्सावरून आलेली पंधरावीस माणसं, दोन जावा, मेरी, पोरं, सगळ्यांसमोर. गोवऱ्याही त्यांनी सगळ्यांसमोरच काढल्या होत्या.

"श्रीपत," ते म्हणाले. "ह्याला ग्राइंडर नको."

लोखंडाच्या धंद्यात नसलेल्याला हे वाक्य काही वाटणार नाही. गल्लीतल्या बऱ्याच जणांनाही वाटलं नाही. पण सुमेधने दार हातातून जवळजवळ सोडलं, आणि विनयाने तोंडाला पदर लावला. श्रीपत हातमोज्याने डोळे पुसायला गेला, काजळी सगळी तोंडाला लागली.

तसाच तो म्हणाला, "मग रंग दे, दादा. उघडं ठेवलं तर गंजंल."

दिनानाथ म्हणाले, देतो. आणि दिला. ब्रश मारताना दोघांत भांडण झालंच, एक हात का दोन हात यावरून, थेट तोंडातोंडी, कुणीही मधे नाही. श्रीपतने ऐट काढली, दिनानाथांनी बैल काढला. आलोशियस खुर्चीत पाय लांब करून ऐकत होता. मेरीला तो म्हणाला, बरं वाटतं गो, दुसऱ्यांनी एकमेकांना ऐकवलेलं ऐकायला. गेट लागलं, कडेला दोन दोन सूत फट, मधे दोन सूत, मेरीने हार घातला आणि एका बोटाने दार ढकललं. आवाज न करता बंद झालं.

जेवायला सगळे ओटीवर पंगतीने बसले. दिनानाथांच्या शेजारची जागा रिकामी राहिली होती. तिथे श्रीपत येऊन बसला. ताटात इंद्यालचा झणझणीत रस्सा आणि फुगे पडले तेवढ्यात ज्ञानदाचा फोन वाजला. परेश गवंडी. तिचा घास हातातच राहिला. परेश म्हणत होता, वाळू टाकलीय, उद्या आठला माणसं घेऊन येतो, भिंतीची लाइन कुठून घ्यायची ते आताच सांगा.

तिने फोनवर हात ठेवला आणि विचारलं, परेशला काय सांगू?

दिनानाथांच्या तोंडात फुगा होता. तो गिळून ते म्हणाले, "सोड म्हनावं."

गुरुवारची ज्ञानदा उठून दहा पावलं चालली असती. ही बसून राहिली. फोनवरचा हात तिने आणखी घट्ट केला.

"बाबा, सोड म्हणजे काय?" ती म्हणाली. "मधे दाराला जागा सोडून भिंत घाल, का भिंतच सोडून दे?"

दिनानाथांनी मान वळवली. आलोशियसकडे नाही, श्रीपतकडे. श्रीपतही त्यांच्याकडेच बघत होता, गालावर अजून काजळी. दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

"सोडून दे."

ज्ञानदाने हात काढला आणि निरोप परेशला जसाच्या तसा दिला.